सोर्स निष्पक्ष आहे का हे कसं बघितलं - माझा अनुभव

साखर आणि हृदयविकार या विषयावर प्रोजेक्ट होतं, आणि अट अशी की प्रत्येक सोर्सपुढे लेखकाचा कल कुठे आहे ते दोन ओळीत लिहायचं. लेख ढीगभर मिळतात हो, पण या दोन ओळी लिहिताना घाम फुटला.

आधी भाषेवरून चाळणी लावली. साखरेला 'पांढरं विष' म्हणणारे, 'डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत' वाले सगळे बाहेर. पण एवढ्याने फक्त भडक लिहिणारे गळतात, सभ्य भाषेत बाजू घेणारा आरामात आत येतो. याचं जबरदस्त उदाहरण याच विषयात सापडलं. 1967 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा रिव्ह्यू (म्हणजे आधीच्या अभ्यासांचा आढावा घेणारा लेख) आला, त्यात साखरेविरुद्धच्या अभ्यासांचे दोष बारकाईने काढलेत आणि सगळा भर चरबी नि कोलेस्टेरॉलवर. भाषा एकदम शांत, शास्त्रीय. यासाठी साखर उद्योगाच्या शुगर रिसर्च फाउंडेशनने साधारण 6,500 डॉलर दिले होते, त्याचा पेपरमध्ये उल्लेखच नाही, जुन्या पत्रव्यवहारातून हे 2016 ला बाहेर आलं. तेव्हा आर्थिक हितसंबंध जाहीर करायचा नियमही नव्हता म्हणा, त्या जर्नलने तो 1984 मध्ये आणला.

मग मी लेख उलटा वाचायला लागले, आधी शेवटचं फंडिंग आणि हितसंबंधांचं कलम, मग बाकीचं. आणि वेबसाइट असेल तर तिचं 'आमच्याविषयी' वाचत बसायचं नाही, तिथे कोण स्वतःबद्दल वाईट लिहिणार? दुसरा टॅब उघडून बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात ते बघायचं. स्टॅनफर्डच्या अभ्यासात व्यावसायिक फॅक्ट-चेकर असंच करताना दिसले, इतिहासाचे प्राध्यापक मात्र त्याच साइटवर खाली-वर स्क्रोल करत राहिले आणि बरेचजण फसले.

एका संस्थेचा लेख मला फार आवडलेला, नाव भारदस्त, खाली संदर्भांची रांग. संस्थेचं नाव टाकून त्यापुढे 'फंडिंग' असं सर्च केलं तर सदस्यांमध्ये शीतपेयं बनवणाऱ्या कंपन्या. फेकून नाही दिला, कारण पैसे घेतले म्हणजे आकडे खोटेच असं होत नाही. संदर्भ उघडून बघितले, आकडे बरोबर होते पण साखर कमी केल्यावर काय फरक पडतो यावरचा एकही अभ्यास यादीत नव्हता. जे गाळलंय त्यात खरी गोम असते आणि ते पकडायला विषय थोडा माहीत असावाच लागतो, इथे कुठलीच चेकलिस्ट पुरत नाही. उलट बाजूलाही हेच, साखर सोडा म्हणून पोटतिडकीने लिहिणारा एकजण स्वतःचा डाएट प्लॅन विकत होता.

1967 चा रिव्ह्यू मात्र यादीत ठेवला. साखरेचा परिणाम सांगायला तो चालत नाही, पण उद्योग संशोधनात कसा हात घालत होता याचं ते उदाहरण आहे, तेव्हा त्याच्यापुढे तेवढंच लिहिलं.