थ्रेशरच्या बेरिंगी का जात होत्या

चोपड्याकडे तापीकाठच्या काळ्या जमिनीत आम्ही दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरतो. गव्हाला पंजाबकडचे हार्वेस्टर येतात आणि बघता बघता शेत मोकळं होतं. दादरचं तसं नाही. गुरांना वर्षभर कडबा लागतो, म्हणून हाताने कापणी, कणसं खुडायची आणि खळ्यात थ्रेशर, म्हणजे मळणी यंत्र, लावायचं. आमचं थ्रेशर आप्पांनी 2004 साली घेतलेलं. मागच्या हंगामात त्याने रडवलं.

ड्रमची, म्हणजे कणसं झोडणाऱ्या दातेरी रुळाची, बेरिंग एकाच हंगामात दोनदा गेली. दुसऱ्यांदा तर रात्री, खळ्यात कणसांचा ढीग आणि आभाळ भरून आलेलं. दोन्ही वेळा नवी बेरिंग टाकली, ग्रीस भरलं, पुढे चाललो. मशीन थरथरायचं, पण ‘जुनं झालं आता’ असंच सगळे म्हणायचे. यंदा जानेवारीत रिकामं चालवून बघितलं, तर तिसरी बेरिंगही आवाज करायला लागली. मग ठरवलं, ड्रमच बाहेर काढायचा.

गंजलेल्या बोल्टांवर दोन दिवस डिझेल सोडत राहिलो, तेव्हा ते हलले. ड्रम मिस्त्री तात्यांकडे नेला. त्यांनी दोन लोखंडी अँगल लेव्हलमध्ये मांडले, शाफ्टची टोकं त्यांवर टेकवली आणि ड्रमला बोटाने हळूच ढकललं. ड्रम फिरला, थांबला, उलटा आला आणि एक बाजू खाली घेऊन उभा राहिला. पुन्हा ढकललं, पुन्हा तीच बाजू खाली.

‘‘भाऊ, बेरिंगना दोष नही शे. ड्रम एक बाजूले जड शे.’’

चूक आमचीच होती. जो दाता तुटला तेवढाच बदलायचो. नवा दाता जड, त्याच्या समोरचा झिजून हलका. ट्रॅक्टरच्या पीटीओच्या (मागच्या फिरत्या शाफ्टच्या) जोरावर ड्रम मिनिटाला शेकडो फेरे घेतो, आणि दर फेऱ्याला तो फरक बेरिंगला हिसका देतो. तराजूवर एका जोडीत नव्वद ग्रॅमचा फरक निघाला. तात्यांनी सारख्या वजनाचे दाते समोरासमोर बसवले, राहिलेली कसर हलक्या बाजूला वॉशर टाकून भरली. शेवटी ड्रम सोडू तिथे थांबायला लागला. मला खरंच भरून आलं.

उंदरांनी कुरतडलेला बेल्ट आणि वाकलेली चाळणीही बदलली. एक काम मात्र आप्पांशी वाद घालून केलं. माल लवकर जावा म्हणून त्यांनी कधीतरी तोंडावरचं झाकण कापून टाकलं होतं. मळणी यंत्रात हात जाऊन इतके अपघात व्हायचे, की 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. मी म्हटलं, ‘‘आप्पा, तिथे आपण नाही, मजूर उभे राहतात.’’ ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पत्रा तेच घेऊन आले.

पहिल्या रात्री दोन तास दादर काढली, ट्रॅक्टर बंद केला आणि बेरिंगवर तळवा ठेवला. नुसती कोमट होती.

हंगाम संपल्यावर आतला भुसा झाडला, बेल्ट उतरवून घरात टांगले, ग्रीस भरल्याची तारीख ऑइलपेंटने पत्र्यावर लिहिली. इतकी वर्षं पावसाळाभर बाभळीखाली भिजणारं थ्रेशर आता गोठ्याच्या पडवीत उभं आहे. त्यासाठी एक म्हैस पलीकडे बांधली.