लसीवर किती ढकलायचं?

‘स्तनांत इम्प्लांट आहेत, लस घेऊ का? आणि घेतल्यावर एक बाजू सुजली तर?’ प्रश्न बहुधा दबक्या आवाजात येतो, कारण शस्त्रक्रिया मुंबई-पुण्याला झालेली असते आणि नागपुरात घरच्यांनाही पत्ता नसतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगायचं, तर पहिल्या अर्ध्याचं उत्तर एका शब्दाचं आहे : घ्या. कोविड असो, फ्लू असो की नागीण, केवळ इम्प्लांट आहेत म्हणून लस टाळायची नसते. दुसऱ्या अर्ध्याला जरा वेळ लागेल.

इम्प्लांट बसलं की शरीर त्याच्याभोवती तंतूंचा पापुद्रा विणतं. त्याला कॅप्सूल म्हणतात. परक्या वस्तूला घातलेलं हे कुंपणच, आणि त्यात प्रतिकारशक्तीच्या काही पेशी कायमच्या मुक्कामाला असतात. लस टोचल्यावर एक-दोन दिवस अंगभर दाहाचे रासायनिक निरोप फिरतात. ताप, अंगदुखी त्यातूनच येते. तेच निरोप कॅप्सूलमधल्या पेशींना पोचले की तिथेही ठणका, कडकपणा, थोडं पाणी साचणं होऊ शकतं, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेत मॉडर्नाच्या लसीची छाननी झाली, तेव्हा चेहऱ्यात फिलर (सुरकुत्या भरून काढणारं जेल) भरलेल्या मोजक्या जणांना सूज आल्याची नोंद होती. तर्क तिथलाही हाच. इम्प्लांटबाबत कोविड लसीनंतरच्या नोंदी थोड्या आहेत, इतक्या थोड्या की कारण कोणतं आणि योगायोग कोणता हे ठरवणं कठीण. मॉडर्नाची लस तर आपल्याकडच्या मोहिमेत दिलीच गेली नाही.

काखेत अवधाण येणं, म्हणजे तिथल्या लसिका ग्रंथी सुजणं, मात्र अगदी नेहमीचं. ज्या दंडावर लस, त्याच बाजूला. मॉडर्नाच्या चाचणीत 18 ते 64 वयोगटातल्या सुमारे 16 टक्के जणांनी दुसऱ्या डोसनंतर काखेत सूज किंवा दुखरेपणा सांगितला होता, आणि त्यांचा इम्प्लांटशी काही संबंध नव्हता. सोनोग्राफीला जाताना लसीची तारीख आणि हात आधी सांगा, नाहीतर ती गाठ बघून तपासणारा डॉक्टर उगाच घाबरेल.

त्रास झालाच तर पॅरासिटामॉल 650 मिलिग्रॅम, एका वेळी एकच गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पावसाळ्यात ताप असेल तर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक डेंगीची तपासणी झाल्याशिवाय घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. थंड पाण्याची घडी चालते. बर्फ थेट नको : शस्त्रक्रियेनंतर त्वचेची जाणीव कमी झालेली असू शकते, कातडी पोळली तरी कळत नाही. मालीश नको, शेक नको. स्टेरॉइडची गोळी औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने तर मुळीच नको, कारण आत जंतुसंसर्ग असेल तर ती तो झाकून ठेवते.

खरी चूक याच्या उलट बाजूला होते. सगळंच लसीवर ढकललं जातं. लसीची सूज साधारण काही दिवसांत ओसरू लागते. दोन आठवडे झाले आणि बाजू तशीच भरलेली आहे, तर लसीचं नाव सोडा आणि प्लास्टिक सर्जन गाठा. एकच बाजू लाल, गरम, थंडी वाजून ताप, जखमेतून स्राव, असं असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. (मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत स्तनाखालच्या घडीत येणारा खाजरा लाल पट्टा वेगळा. तो घाम आणि बुरशीचा, वरवरच्या कातडीपुरता.)

शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेल्यावर एक बाजू अचानक पाण्याने भरली, तर तपासायलाच हवं. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक लिंफोमा (लसिका पेशींचा कर्करोग) होतो, सरासरी आठ ते दहा वर्षांनी, आणि त्याचं पहिलं लक्षण बहुधा हेच पाणी असतं. जुलै 2019 मध्ये ॲलर्गनने बायोसेल प्रकारचे इम्प्लांट जगभरातून परत घेतले ते याचमुळे. पाणी सोनोग्राफीत बघतच काढायचं, अंदाजाने सुई घातली तर इम्प्लांट फुटू शकतं. शक्य तर 50 मिलिलिटर, आणि ते सगळं प्रयोगशाळेत : कल्चर (जंतूंसाठी), पेशीतपासणी आणि सीडी30 (या लिंफोमाच्या पेशींवरची खूण). ‘लसीमुळे असेल’ म्हणत पहिलं पाणी ओतून दिलं तर ते साचलंच का, याचा पुरावाही वाहून जातो. असं साचलेलं पाणी बहुतेकदा कर्करोगाचं नसतं. असलं आणि लवकर सापडलं, तर इम्प्लांटसह अख्खी कॅप्सूल काढणं अनेकदा पुरतं.

म्हणून लसीआधीच इम्प्लांट कार्ड शोधून ठेवा : कंपनी, पृष्ठभाग, लॉट क्रमांक, वर्ष. हरवलं असेल तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाकडून नोंदी मागा. लसीच्या दिवशी आरशासमोर उभं राहून दोन्ही बाजूंचा एक फोटो काढा, आठवडाभराने तुलनेला काहीतरी हवं. मिहानच्या एम्सला जा, मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात) जा, की धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी डॉक्टरांकडे, केसपेपरवर इम्प्लांटचा उल्लेख करवून घ्या. लाजेपायी तो गाळला की डॉक्टर साध्या गळवाचं औषध देऊन मोकळे होतात. त्रास झाला तर 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर नोंदवता येतो. तेव्हा लसीचा बॅच क्रमांक विचारतात, कोविड लसीचा तो प्रमाणपत्रावर असतो.