चिंगीला नळी काढायची नव्हती

हिरवा डाग आधी आजींना दिसला. व्यायला आलेल्या कुत्रीच्या, चिंगीच्या राखाडी चादरीवर, रुपयाएवढा. त्यांनी नातवाला हाक मारली. त्याने फोटो काढून कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत सात जणांचे सल्ले आले. "नॉर्मल आहे भाऊ, संध्याकाळपर्यंत थांब." "कोमट दूध पाज." एकाने तर इंजेक्शन घरपोच आणून द्यायची तयारी दाखवली. आजी एवढंच म्हणाल्या, "अजून एकही पिल्लू बाहेर नाही, आणि वार कशी काय सुटायला लागली?"

हे मला मागाहून कळलं. मला फोन आला तो पावणेदोनला. मे महिन्यातला रविवार, दवाखाना एकला बंद केलेला, समोर आमरसाची वाटी. फोन नातवाचा, पण मागून आजींचा आवाज येत होता, "त्यांना सांग, हिरवं जातंय म्हणून." मी वाटी बाजूला सारली. पहिलं पिल्लू झाल्यावर हिरवट-काळं जाणं ठीक. त्याआधी गेलं, तर आतल्या एखाद्या पिल्लाची वार गर्भाशयापासून सुटायला लागलेली असते आणि त्याचा प्राणवायू तुटत चाललेला असतो. मग घड्याळ लावून चालायचं.

सिंहगड रोडवरून राजाराम पुलावरून कर्वेनगरला ते वीस मिनिटांत पोचले. रविवार असल्यामुळेच हो. इतर दिवशी त्या रस्त्यावर पिल्लं गाडीतच झाली असती.

चिंगी म्हणजे अडीच वर्षांची पग, बसक्या नाकाची. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग पोराच्या मागे मागे फिरला आणि त्यानंतर पुण्यात घरोघरी पग आले. मी तेव्हा उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकत होतो. तिकडे लातूर भागात कारवान कुत्री. लांब तोंडाची, काटक. आमच्या एका मित्राच्या शेतावर कारवान मादी कडब्याच्या गंजीआड व्यायली होती. सकाळी पाहिलं तर सात पिल्लं चाटून स्वच्छ, वार खाऊन मोकळी, आणि आमच्यावर गुरगुरतेय. कुत्रीची बाळंतपणं अशी असतात असं मी धरून चाललो होतो. पुण्यात प्रॅक्टिस टाकल्यावर पहिल्याच वर्षी पगच्या सिझेरियनने तो भ्रम उतरला. पिल्लाचं डोकं गोल आणि मोठं, आईचा कमरेचा सांगाडा अरुंद. त्यात श्वास अपुरा, म्हणून कळा द्यायला दमच नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती या गोष्टीत आहे. आठ महिन्यांपूर्वी हाच नातू लसीकरणाला आला होता. जाता जाता, दारात उभं राहून त्याने विचारलं होतं, "डॉक्टर, एकदा पिल्लं होऊ द्यावीत ना? सगळे म्हणतात मादीला एकदा तरी व्हायलाच हवीत, तब्येतीला चांगलं." बाहेर अकरा जण बसले होते. मी म्हणालो, "तसं काही नसतं. बघा तुम्ही." पाच शब्द. 'बघा तुम्ही' म्हणजे पुण्यात 'करा' असाच अर्थ होतो. त्याने बघितलं. एक चॅम्पियन नर शोधला, शोमध्ये बक्षिसं घेतलेला, केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद असलेला. सौदा ठरला: फी नको, वेतातलं पहिलं पिल्लू निवडायचा हक्क नरवाल्याचा.

टेबलावर घेतली तेव्हा चिंगीची जीभ जांभळट. सकाळी दहापासून जोर लावत होती, म्हणजे चार तास. खरं तर अर्धा तास जोरात कळा येऊन पिल्लू आलं नाही तर निघायचं असतं. मी बोट घालून पाहिलं. तोंडाशीच डोकं अडकलेलं, हलत नव्हतं. सोनोग्राफी लावली. पिल्लांचे ठोके मिनिटाला दोनशेच्या आसपास लागतात. एकाचे १९०, एकाचे १५०, एकाचे १४०च्याही खाली. अडकलेल्याचे सापडेनात.

"तापमान मोजत होतात?" मी विचारलं. नातवाने मोबाइलमध्ये आठ दिवसांचा तक्ता दाखवला, रंगीत. व्यायच्या आधी चोवीस तासांत मादीचं तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरतं, एरवी १०१-१०२ असतं, हे त्याने वाचलेलं. पण तक्त्यात सगळीकडे ९६, ९७. थर्मामीटर काखेत लावला होता. कुत्र्याच्या काखेत! मी काही बोललो नाही. मेहनत खरी होती.

"किती पिल्लं आहेत, एक्सरे काढलात?" नव्हता काढला. पंचावन्न दिवसांनंतर एका एक्सरेत कवट्या मोजता येतात, पण ग्रुपवर कोणीतरी 'रेडिएशन' म्हणालं होतं. तरी सहा पिल्लांचं टोकन घेऊन झालेलं. बाणेर, वाकड, दोन हडपसर, एक नाशिक, आणि एक ऑफिसमधल्या मॅनेजरचं.

तेवढ्यात त्याने हळूच खिशातून औषधाची बाटली काढली. "हे एकाने दिलंय. मारून बघायचं का? ऑपरेशन टळेल." ऑक्सिटोसिन. आजींनी ती हातातून घेतली. वेल्ह्याकडच्या आजी, चाळीस वर्षं म्हशी सांभाळलेल्या. "पान्हा सोडायला मारतात तेच ना हे? आमच्या शेजारच्याने मारून मारून म्हशीचं वाटोळं केलं. घरी पण नाही म्हणाले मी." रस्ता मोकळा असेल आणि गर्भाशय थकलं असेल, तर डॉक्टरच्या हातून, मोजून, या औषधाचा उपयोग आहे. रस्ता बंद असताना दिलं तर आतल्या आत आवळून गर्भाशय फाटू शकतं, पिल्लं गुदमरतात. त्या दिवशी आजींनी म्हशीवरून चिंगी वाचवली असं मी तरी मानतो.

मदतनीस पोहोचला, पण सिस्टर गावाला. "आजी, हात कोपरापर्यंत धुवा. पिल्लं तुम्ही घ्यायची," मी म्हणालो. नातू सहीच्या कागदाकडे बघत होता. फॉर्मवर मी एक ओळ जास्त लिहिली होती: गर्भाशय व अंडाशय काढण्यास संमती.

"म्हणजे पुन्हा पिल्लं नाहीत?"

"नाहीत. आणि पुढे पिशवीत पू होण्याची भीतीही नाही. हीटनंतर, म्हणजे माजानंतर, महिना-दीड महिन्यात मादीच्या पिशवीत पू होऊ शकतो, लोक उशिरा आणतात. ते टळेल."

"पण नरवाले म्हणाले होते, पुढच्या हीटला परत..." तो थांबला. "आणि दूध? पिशवी काढल्यावर दूध येईल?"

"येईल. दुधाचा हुकूम वरून सुटतो, पिशवीतून नाही." ही शंका प्रत्येक जण विचारतो, त्याला हसायचं कारण नाही.

"सही कर," आजी म्हणाल्या. त्याने केली.

पगला भूल देताना माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. आधी पाच मिनिटं मास्कने ऑक्सिजन. मग प्रोपोफॉल, आणि श्वासनलिकेत नळी. तोंड उघडलं की समोर फक्त मऊ टाळू लोंबतो, श्वासनलिकेचं भोक त्याच्यामागे दडलेलं. मी तीन मापांच्या नळ्या काढून ठेवल्या होत्या. सगळ्यात बारीक गेली. एवढ्याशा नळीतून ती अडीच वर्षं जगत होती.

पोट उघडलं. कुत्रीचं गर्भाशय आपल्यासारखं एक पिशवी नसतं, दोन लांब शिंगं असतात, त्यात पिल्लं मण्यांसारखी ओवलेली. पहिलं, अडकलेलं, गेलेलं होतं. डोकं सुजून निळं. बाजूला ठेवलं. मग एक, दोन, तीन. दोघं आजींच्या टॉवेलात जाताच चिवचिवली. तिसरं लुळं.

आजींनी त्याला मागच्या पायांना धरून उलटं केलं, झोका द्यायला हात मागे नेला, रेडकाला देतात तसा. "झुलवू नका!" मी मास्कमधून ओरडलो. पूर्वी हे सर्रास करायचे, पण इवल्याशा मेंदूत रक्तस्राव होतो. "तोंड खाली धरा, रबरी फुग्याने चिकटा ओढा, आणि पाठीवर उलट्या दिशेने चोळत राहा. थांबायचं नाही." त्यांनी न रागावता तेच सुरू केलं. मी टाके घालत होतो. मान वळवता येत नव्हती, नुसती टॉवेलची खसखस ऐकत होतो. मध्येच मदतनीस म्हणाला, "सर, ठोके आहेत पण श्वास नाही." खसखस चालू. पिशवी बांधून काढली, पोटाचा पहिला थर शिवून झाला, तेव्हा कुठे दार करकरावं तसा एक आवाज आला. आजी म्हणाल्या, "आलं."

दाराबाहेर नातू खुर्चीत बसला होता. फोन वाजला म्हणून त्याने स्पीकरवर घेतला. नरवाला. पहिलाच प्रश्न: "नर किती?"

चिंगी कशी आहे, हे त्याने विचारलंच नाही, असं मी नंतर चारचौघांत सांगतो. पण खरं सांगायचं तर 'किती झाली' हा पहिला प्रश्न माझ्या दवाखान्यात दर वेळी असतो. मीही कधी कधी तोच विचारतो.

ऑपरेशननंतरचा अर्धा तास मी विसरणार नाही. भुलीचा वायू बंद केला. इतर कुत्री शुद्धीवर आली की नळी चावतात, डोकं झटकतात, आपण काढून टाकतो. पगची नळी घाईने काढायची नसते. सुजलेला टाळू खाली बसला तर श्वास बंद. म्हणून चिंगीला पोटावर निजवलं, डोकं थोडं उंच. दहा मिनिटांत तिने डोळे उघडले. पंधराव्या मिनिटाला मान वर केली. वीस मिनिटांनी पुढच्या पायांवर उठून बसली, तोंडातून पांढरी नळी बाहेर, फीत कानामागे बांधलेली, आणि आमच्याकडे बघत बसली. झटकेना, चावेना. पिल्लं कुईकुई करत होती, तिकडे शेपटीचं वेटोळं हललं. पण नळी काढायला माझा हात गेला की ती मान मागे घ्यायची.

"त्रास होत नाही का तिला?" आजींनी विचारलं.

"उलट आहे आजी. बरं वाटतंय."

"म्हणजे?"

"ऐका ना. आवाज येतोय का काही?"

आजींनी कान दिला. घोरणं नव्हतं. चिंगीचं घोरणं त्यांच्या घरात कौतुकाचं होतं, नातवाने त्याचे व्हिडिओ काढलेले. या खोलीत पहिल्यांदा ती गप्प होती. टाळूच्या मागे थेट नळीतून हवा जात होती, काही अडत नव्हतं. चांगल्या आवाक्याचा श्वास तिला बहुधा जन्मात पहिल्यांदा मिळत होता, आणि तो तिला सोडायचा नव्हता.

शेवटी पस्तिसाव्या मिनिटाला तिने गिळायला सुरुवात केली, तेव्हा काढली. लगेच घर्रर्र सुरू झालं. नातवाने खाली बघितलं. तो शहाणा मुलगा आहे. हळूच म्हणाला, "त्या चॅम्पियनचं नाक हिच्यापेक्षा बसकं आहे. जजने त्याचंच कौतुक केलं होतं." मी सांगितलं, केसीआयच्या कागदावर वंशावळ असते, श्वासाचं त्यात काही नसतं. ते नर बघताना आपणच बघायचं: उन्हात पाच मिनिटं चालवून आणायचा आणि ऐकायचं. नेदरलँड्समध्ये २०१९पासून नाकाची लांबी कवटीच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी असेल तर पैदास करू देत नाहीत. आपल्याकडे २०१७चे नियम आहेत. विक्रीसाठी पिल्लं काढायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, मादी १८ महिन्यांच्या आत लावायची नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. नाकाबद्दल त्यात काहीच नाही. आणि नोंदणीबद्दल विचारल्यावर नातवाने "घरगुतीच तर आहे" असं म्हटलं, जे मला शंभरातले नव्वद लोक म्हणतात.

त्या रात्री चीक तिन्ही पिल्लांच्या पोटात गेला. पहिल्या दिवसाचा चीक चुकला तर पुढे पार्व्होसारख्या जीवघेण्या विषाणूला तोंड द्यायला पिल्लाकडे काही नसतं. आजींनी टोपलीखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली, टॉवेलात गुंडाळून, कारण पंधरा दिवस पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. हे मला सांगावं लागलं नाही.

पुढची हकीकत थोडक्यात. सहापैकी पाच टोकनं परत केली, नातवाला एका रविवारी बसून फोन करावे लागले. बाणेरवाले पस्तिसाव्या दिवशी पिल्लू न्यायला आले. "खातंय की आता स्वतःचं," म्हणाले. आजींनी चहा दिला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. नरवाला आला, त्याने पहिला क्रमांक निवडला, आठ आठवडे पूर्ण होण्याची वाट बघायला मात्र लागली. आजींनी त्याला दिनदर्शिकेवर तारीख दाखवली होती म्हणे.

आठव्या आठवड्यात तिन्ही पिल्लं लसीला आली, एका भाजीच्या टोपलीत. आजींनी वही आणली होती, शाळेची, चौकटींची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी वजन. 'ति. नं.' म्हणजे तिसरा नंबर, ते न रडणारं: पहिल्या दिवशी १५४ ग्रॅम, मग दोन दिवस घट, मग रोज चढत चढत, शेवटची नोंद एक किलो सातशे. हे कोणाला द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं.

मी त्याचं तोंड उचलून टॉर्च मारला. नाकपुड्या दोन रेघा, बाहेरून मिटलेल्या.

"डॉक्टर," आजी म्हणाल्या, "यालापण ती नळी लागणार का?"

"वजन वाढू देऊ नका, उन्हात फिरवू नका, गळ्यात पट्टा नको, छातीचा घाला. वर्षाचा झाला की नाकपुड्या बघू. मोठ्या करता येतात ऑपरेशनने." मी टॉर्च ठेवला आणि खुर्ची ओढून बसलो. बाहेर नऊ जण होते.

आजींनी चष्मा लावला, वहीत वजनाखाली लिहिलं: 'नाक — वर्षाने.' मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि छातीचा पट्टा म्हणजे कोणता, तेवढं नीट सांगा."