इस्राएलमधला मलिदा: पोहे भिजले की पुढचं जमतं

कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे ज्यू, 1948 नंतर इस्राएलला गेले, लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा, दिमोना अशा गावांत स्थिरावले. नवी पिढी हिब्रू बोलते, पण लग्नाआधीची मेंदी असो की नवस फेडणं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचं, म्हणजे नारळ-साखर घातलेल्या गोड पोह्यांचं, ताट मांडलं जातंच. माझ्या मते या समाजाचं कोकणीपण सगळ्यात ठळक दिसतं ते याच ताटात.

अर्धा किलो जाडे पोहे, एका नारळाचा चव, पाव किलो साखर, चमचाभर वेलचीपूड, बदाम-पिस्त्याचे काप. वर खजूर, केळी, सफरचंद अशी फळं. खाण्याआधी त्यांवर म्हणायच्या आशीर्वादाच्या प्रार्थना वेगवेगळ्या, म्हणून फळं पोह्यांत कालवायची नाहीत, कडेने रचायची.

बिघडतं ते पाण्याने. पोहे चाळणीत धरून नळाखाली भिजवा आणि तसेच पंधरा मिनिटं निथळू द्या. दाणा बोटांत दाबल्यावर मोडावा, पण चिकटू नये. पातळ पोहे घेतले तर लगदा ठरलेला. इस्राएलमध्ये ताजा नारळ नेहमी मिळत नाही. गोठवलेला चव पूर्ण वितळवून घट्ट पिळा, नाहीतर त्याचं पाणी पोह्यांत उतरतं. सुकं खोबरं असेल तर कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून पिळायचं. चव थोडी उणी पडते, हे खरं. साखरेला पाणी सुटतं, म्हणून ती अगदी शेवटी, वाढण्याआधी मिसळा.

दूध-तूप मात्र घालू नका. मागोमाग मटणाचं जेवण असेल, तर कोशर नियमाने, म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या धार्मिक नियमाने, त्याच जेवणात दुधाचं काही चालत नाही. मटणाच्या रश्शातही नारळाचंच दूध पडतं.