तोडलेल्या उसातली साखर जाते कुठं?

"ऊस तोडून दोन दिवस यार्डात पडला तर पाणी उडतं, वजन घटतं. तोटा आमचा, तुम्ही कशाला कावता?" साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करणाऱ्याला हा प्रश्न वजनकाट्यावर गाठतो, लग्नाच्या पंगतीतही गाठतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा बैजवार सांगतो.

वजन घटतं, खरं आहे. उसाच्या स्वतःच्याच एन्झाइमनं थोडी साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, तेही खरं. माझा राग आहे तो तिसऱ्यावर: ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाच्या जिवाणूवर. शेतात तो असतोच. कोयत्याचा घाव बसला की कापल्या टोकातून आत शिरतो. जळिताच्या उसात तर त्याचं फारच फावतं. (इडलीचं पीठ फुगवणाऱ्यांतही हाच असतो, तेव्हा सरसकट शिव्या घालता येत नाहीत.)

हा जिवाणू डेक्स्ट्रानसुक्रेज नावाचं एन्झाइम बाहेर सोडतो. साखरेच्या साखळ्या जोडणारे जिवाणू पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना आधी पेशीच्या आत ऊर्जा खर्चून साखर जोडणीसाठी तयार करून घ्यावी लागते. झँथन गम बनवणारा झँथोमोनस तेच करतो. आपला गडी मात्र फुकट्या. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ज्या बंधानं धरलेले असतात, त्या बंधातच पुरेशी ऊर्जा असते. एन्झाइम तो बंध तोडतं आणि त्याच ऊर्जेवर ग्लुकोज साखळीला जोडून टाकतं, गजऱ्यात फूल ओवावं तसं. सुटलेला फ्रुक्टोज जिवाणूच्या कामी येतो. हा सगळा उद्योग पेशीबाहेर, तुमच्या रसात. तयार होणारा चिकट पदार्थ म्हणजे डेक्स्ट्रान. त्याचा एक किलो बनायला दोन किलोंहून जास्त साखर जाते. १९४१ साली हेअर या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की जिवाणू गाळून काढला तरी नुसतं एन्झाइम हे काम करतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कावलो नसतो. थोडंसं डेक्स्ट्रानही रसाला बुळबुळीत करतं. गाळणी तुंबते, पॅनमध्ये, म्हणजे रस आटवायच्या भांड्यात, साखर धरायला वेळ लागतो, दाणा चौकोनी व्हायचा तो लांबट, सुईसारखा होतो. सेंट्रिफ्यूगलमध्ये, म्हणजे गरगर फिरवून दाणे वेगळे करणाऱ्या यंत्रात, मळी नीट सुटत नाही, आणि जाताना चांगली साखर सोबत घेऊन जाते.

त्यात हा पदार्थ लॅबलाही फसवतो. आपण साखर मोजतो ती पोलवर, म्हणजे रसातून जाणारा प्रकाश किती फिरतो त्यावर. डेक्स्ट्रान साखरेच्या जवळपास तिप्पट प्रकाश फिरवतं. मग कागदावर पोल झकास आणि पोत्यात साखर कमी! हिशोबात हा फरक 'अननोन लॉस' म्हणून लिहिला जातो. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घटला की एफआरपीच्या (सरकारनं ठरवलेल्या ऊसदराच्या) गणितात तुमचाही दर घटतो, हे मात्र पंगतीत कोणी ऐकून घेत नाही.

"रस उकळता ना? मग मरेल की तो." मरतो. एन्झाइमही निकामी होतं. झालेलं डेक्स्ट्रान मात्र तसंच पुढं जातं.

गंमत म्हणजे हेच डेक्स्ट्रान स्वीडनमध्ये उप्सालाच्या संशोधकांनी १९४० च्या दशकात शुद्ध करून, त्याच्या साखळ्या आखूड करून, रक्तस्राव झालेल्यांच्या सलाईनमध्ये वापरात आणलं. आमच्या पाइपात तेच नुसती घाण.

औषध आहे. बुरशीपासून काढलेलं डेक्स्ट्रानेज या साखळ्या तोडतं, पण ते महाग. त्यापेक्षा मिलच्या पन्हाळी वाफेनं धुणं आणि तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत, म्हणजे मिलकडं नेणाऱ्या पट्ट्यावर, टाकणं स्वस्त. ट्रॅक्टर वेळेवर फडात का येत नाही आणि आमची मिल बंद पडल्यावर यार्डात रांग का लागते, हे लॅबवाल्याला विचारू नका. पहिल्याचं उत्तर ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयकडे, दुसऱ्याचं चीफ इंजिनिअरकडे.