साध्या गाठीचं अवघड दुखणं

घशातली गाठ दुखत नव्हती, म्हणून लक्षही गेलं नाही. दात दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "उजवा टॉन्सिल आत सरकलाय, कान-नाक-घसावाल्यांना दाखवा." कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एक बोट तोंडात आणि दुसरा हात जबड्याखाली ठेवून चाचपलं. गाठ आडवी हलत होती, वर-खाली नाही. टॉन्सिल बरा होता. त्याच्यामागच्या खोल जागेतून काहीतरी त्याला रेटत होतं.

मला वाटलं, लगेच सुई घालून तपासतील. पण आधी एमआरआय झाला. तिथल्या काही गाठी रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या असतात, त्यांत आंधळेपणाने सुई घालणं धोक्याचं. फिल्मवर कॅरोटिड धमनी आणि शेजारची मोठी शीर, दोन्ही जोडीनेच पुढे ढकललेल्या दिसत होत्या. व्हेगस नसेची, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्या मज्जातंतूची, गाठ असती तर बहुधा या दोघींच्या मधे शिरली असती. म्हणजे संशय सिंपथेटिक नसेवर, पापणी, बाहुली आणि घाम सांभाळणाऱ्या मज्जातंतूवर. नंतरच्या सुईच्या तपासणीतही नसेच्या आवरणाची साधी गाठ, श्वानोमा, असावी असंच आलं.

नुसतं लक्ष ठेवायचा पर्यायही होता. या गाठी फार हळू वाढतात, कॅन्सर क्वचितच होतो. माझी मात्र दुसऱ्या स्कॅनमध्ये वाढलेली दिसली. सर्जन सरळ बोलले: "गाठ निघेल. नस वाचेलच असं नाही."

मानेवर छेद घेऊन, आवरण उघडून गाठ आतून सोडवली. आवाज शाबूत राहिला. पण उजवी पापणी किंचित उतरली, बाहुली बारीक झाली, कपाळाला घाम आला तर डावीकडेच. याची कल्पना दिली होती.

पहिल्या घासाची कल्पना मात्र कुणी दिली नव्हती. जेवायला बसलो, घास चावला आणि कानाखाली जबड्यात अशी कळ गेली की हात थांबला. तीन-चार घासांनंतर सगळं ठीक. पुढच्या जेवणाला पुन्हा तेच, आंबट असेल तर जास्तच. गालातल्या लाळेच्या ग्रंथीला जाणाऱ्या सिंपथेटिक नसा तुटल्या की ती पहिल्या घासाला जोरात आवळते, म्हणे. असल्या दुखण्याला चक्क नावही आहे: फर्स्ट बाइट सिंड्रोम. संमतीपत्राच्या एवढ्या पानांत त्याला एक ओळ मिळायला हरकत नव्हती!

पॅथॉलॉजीत श्वानोमाच निघाला. कळ आता बरीच बोथट झालीय, पापणी आहे तशीच. सही करण्यापूर्वी सर्जनना एवढं जरूर विचारा: कुठल्या नसेची गाठ वाटते, आणि ती नस गेली तर माझं नेमकं काय जाईल?