आमची वाटचाल: काजूचा हंगाम आणि सरकारी मदतीची वेळ

कुडाळ तालुक्यातला आमचा काजू कारखाना २००९ साली घराच्या पडवीत, हातकटरवर सुरू झाला. आज बॉयलर आहे, ड्रायर आहे, वाडीतल्या बायकांना वर्षभर काम आहे. हे उभे राहिले ते त्यांच्या हातांवर आणि बागायतदारांनी दिलेल्या उधारीवर. सरकारचा वाटा किती, हेही स्पष्ट लिहायला हवे.

या धंद्यात पैसा लागतो मार्च ते मे. बागायतदार बी घेऊन दारात येतो, त्याला रोख हवी असते. वर्षभर फोडायची बी तेव्हाच घ्यायची, उन्हात खडखडीत वाळवायची, पोती भरून ठेवायची. पावसानंतर मंजूर झालेल्या पैशाने बी मिळत नाही.

यंत्राला मदत मिळते, हे मान्य. २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे. आमचा ड्रायर त्यातूनच आला. पण त्यात घालायची बी कशाने घ्यायची? खेळत्या भांडवलासाठी बँक तारण मागते. कोकणातला सातबारा सामाईक, निम्मी नावे मुंबईत. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत हंगाम सरतो. तारणाशिवाय कर्ज मिळावे म्हणून केंद्राने २००० सालीच हमी योजना काढली. आमच्या शाखेत तिचे नाव काढले की साहेब म्हणतात, ‘आधी जमिनीचे कागद आणा.’

२०१७ मध्ये जीएसटी आला. शेतकऱ्याकडून बी घेतली की तिच्यावरचा ५ टक्के कर कारखानदाराने भरायचा, रिव्हर्स चार्ज म्हणून, तोही रोखीने. गर विकताना तो वळता होतो, खरे आहे. पण ऐन खरेदीत, जेव्हा एकेक पोत्याचा हिशेब चालतो, तेव्हा तेवढी रक्कम अडकते.

सगळ्यात जास्त राग येतो तो २०२० चा. टाळेबंदी लागली ती ऐन हंगामात. मग लघुउद्योगांना ३ लाख कोटींचे विनातारण कर्ज जाहीर झाले. ते मिळणार होते २९ फेब्रुवारी २०२० च्या कर्जबाकीच्या २० टक्के. फेब्रुवारीअखेर काजूवाल्याची कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेत असलेल्या कर्जखात्याची, बाकी वर्षातली सर्वांत कमी असते, कारण जुना माल विकून खाते भरलेले असते. ज्याने वेळेवर फेडले त्याच्या हाती कमी आले, आणि ज्याने कर्जच घेतले नव्हते त्याला काहीच नाही. ही तारीख ठरवताना हंगामी धंद्यांचा विचार कोणी केलाच नाही.

वसुलीचेही तेच. २००६ चा कायदा म्हणतो, लघुउद्योजकाचे पैसे ४५ दिवसांत द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज. पण तक्रार केली की पैसे थकवणारा व्यापारी पुढच्या वर्षी माल उचलत नाही, आणि दुसरे गिऱ्हाईक शोधून द्यायला कोणी येत नाही.

आमची मागणी दोनच गोष्टींची आहे. शेतकऱ्याकडच्या खरेदीवरचा रिव्हर्स चार्ज काढा. आणि बीच्या साठ्यावर, सातबारा न मागता, हंगामापुरते कर्ज फेब्रुवारीतच मंजूर करा.